मागे तंबोऱ्यावर माझी बहीण

पहिली तारीख: माघातला शेवटचा रविवार, सकाळ. जबाबदार: नाट्यगृहाचे व्यवस्थापक.

दुसरी तारीख: गुढीपाडव्यानंतरचा रविवार, सकाळ. जबाबदार: तारखांचे वाटप करणारी समिती, एकत्रितपणे आणि प्रत्येक सभासद स्वतंत्रपणे.

तिसरी तारीख: आषाढात बैलांचा बेंदूर होऊन गेल्यानंतरचा रविवार, सकाळ. जबाबदार: वरील दोन्ही, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचे काम ज्यांनी स्वखुशीने पत्करले आहे ते विश्वस्त मंडळ.

चौथी तारीख: दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळ. ती अजून यायची आहे.

नाट्यगृह सांगलीतले आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही. नाव लिहिले की उत्तर बाजूला राहते आणि अब्रूनुकसानीची भाषा सुरू होते, हे साताऱ्याच्या न्यायालयात उभी हयात कारकुनी केलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. ज्यांना समजायचे त्यांना नावावाचून समजेल. माझे लोकही निनावीच राहतील. ज्या एका नावासाठी हे सारे लिहीत आहे, ते त्या नाट्यगृहाच्या फलकावर आजही छापलेले आहे. ज्याला हवे त्याने तिथे जाऊन वाचावे.

ते नाव माझ्या थोरल्या बहिणीचे. मी तिला आक्का म्हणत असे.

आमचे बालपण रहिमतपूरचे. गावात एक गवई गुरुजी होते. त्यांच्याकडे दोन मुली शिकायला जात: एक आक्का आणि दुसरी तिची मैत्रीण, जिला पुढे सगळे महाराष्ट्रभर बाई म्हणून ओळखू लागले. गुरुजींची शिकवण्याची रीत अशी, की एकीने गायचे तेव्हा दुसरीने तिच्या मागे बसून तंबोरा छेडायचा. ते म्हणत, जिला दुसरीच्या मागे गप्प बसता येत नाही, तिला पुढे बसून गाता यायचे नाही. दोघी आळीपाळीने पुढे-मागे बसत. आक्काचे लग्न गावातच झाले. वडिलांनी मिरजेहून करवून आणलेला तंबोरा तिच्याबरोबर सासरी गेला आणि माजघराच्या कोपऱ्यात उभा राहिला. बाई पुढे गेल्या. आक्का मागे राहिली. या वाक्यात मला कोणालाही दोष द्यायचा नाही. सासर चांगले होते, घरात माणसे फार होती, एवढेच.

गुरुजींचा आणखी एक नियम होता, आणि पुढे जे घडले ते त्या नियमावर घडले, म्हणून तो नीट नोंदवतो. गवसणीतून बाहेर काढलेला तंबोरा आधी सुरात लावायचा, त्याच्यावर निदान एक चीज गायची आणि मगच त्याला पुन्हा गवसणी चढवायची. न गाता झाकायचा नाही. वाद्याला उघडून मुके झाकणे म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून उपाशी उठवणे, असे ते म्हणत. या नियमाला त्यांनी अपवाद ठेवला नव्हता. मी पुष्कळ आठवून पाहिले. नव्हता.

गेल्या हिवाळ्यात बाई रहिमतपूरला आल्या. आक्का तेव्हा एकटीच राहत असे. मीही साताऱ्याहून गेलो होतो. बाईंनी चहा संपवला आणि म्हणाल्या, "माघात सांगलीला शेवटचं गाणार आहे. नंतर बंद. मागे तंबोऱ्यावर तू बसायचंस."

आक्का म्हणाली, "माझी बोटं बघ आधी. भेंडीसारखी वाकलीत."

"तंबोऱ्याला बोटं लागत नाहीत. कान लागतो. तो आहे ना?"

"एक चांगला आहे. कुठला ते विसरले."

"दोन्हीकडून ऐक मग."

"आणि तुझ्या त्या शिष्या आहेत, विजेवरची तंबोऱ्याची पेटी आहे, तिचं काय? बटण दाबलं की वाजते म्हणे."

"त्या डबीच्या मागे मला कोण बसलंय ते दिसत नाही," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर माझ्या मागे कोणीतरी बसत आलं. शेवटी तू बस. नाहीतर मी गात नाही."

दोघींची वये ऐंशीला टेकलेली. आक्काने माझ्याकडे पाहिले, जणू परवानगी मी द्यायची होती. मग तिने विचारले, "रंगमंचावर चढायला पायऱ्या किती उंच आहेत रे?" म्हणजे तिने होकार दिला होता.

तंबोऱ्याला बसणाऱ्याचे नाव सहसा कोणी छापत नाही. तबला, पेटी, झाले तर निवेदन. बाईंनी हट्ट धरला. नाट्यगृहाच्या दाराशी काचेच्या चौकटीत आगामी कार्यक्रमांचा फलक असतो. महिन्यात काय काय होणार ते त्यावर लिहिलेले: नाटक, भावगीतांची रात्र, लावणी, जादूचे प्रयोग. त्यांत बाईंच्या नावाखाली, तबल्याच्या आणि पेटीच्या ओळींनंतर, शेवटची ओळ तंबोऱ्याची होती आणि तिच्यापुढे माझ्या बहिणीचे पूर्ण नाव होते. मी मुद्दाम सांगलीला जाऊन त्या फलकाचा फोटो काढून आणला. आक्काने फोन डोळ्यांपाशी धरला, मग लांब धरला.

"लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच छापून आलं," ती म्हणाली. "तेव्हा आडनाव बदललं होतं. आता बदललेलंच बरं वाटतंय."

माघातल्या त्या रविवारच्या आदल्या दिवशी मी रहिमतपूरला मुक्कामी गेलो. आक्काने दुपारीच गवसणी काढून ठेवली होती. बाहेरच्या हवेत वाद्य बसायला वेळ लागतो. संध्याकाळी फोन आला की अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम पुढे ढकलला आहे. नंतर कळले, ते कारण म्हणजे एका वधूवर मेळाव्याला नाट्यगृह हवे होते. ज्या गावाला नाटकाचे माहेर म्हणवून घेण्याची हौस आहे, त्या गावात गाण्याची तारीख स्थळे पाहण्याला दिली गेली. माहेरात स्थळे पाहिली जातात, असा युक्तिवाद त्यांनी केला असता तर मी निदान हसलो तरी असतो. त्यांनी काहीच केला नाही. माझ्या पत्राला उत्तर आले की आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे.

तंबोरा उघडा होता. आक्का चटईवर बसली, खुंट्या पिळल्या, तारांखालचे मणी सरकवले, कान लाकडाला लावून ऐकले आणि एक चीज गायली. मी तिचे गाणे लहानपणानंतर त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. आवाज वरच्या सुराला फाटत होता. जिथे फाटला तिथे ती थांबली नाही, त्याला वळसा घालून पुढे गेली, अंगणातल्या डबक्याला घालतो तसा. गाऊन झाल्यावर म्हणाली, "आता झाक." मी गवसणी चढवली.

पाडव्यानंतरचा रविवार असाच गेला. कारण सांगितले ते थंड हवेच्या यंत्राच्या दुरुस्तीचे. त्याच सकाळी त्याच नाट्यगृहात मुलांसाठी जादूचा प्रयोग झाला, बहुधा उकाड्यात. आक्काने पुन्हा घरीच गाऊन तंबोरा झाकला. या वेळी ती कमी बोलली. "दोनदा घरी काढला, दोनदा घरीच झाकला," एवढेच म्हणाली. "आता तिथं पोचल्यावर काढणार. आधी नाही."

तिसऱ्या तारखेच्या आधी मी नाट्यगृहाला दोन पत्रे पाठवली, पोचपावतीसह. फोन करून विचारले. फलकावर आहे ना, मग आहे, असे उत्तर मिळाले. म्हणून आम्ही रहिमतपूर स्टेशनावर पहाटेच्या गाडीत चढलो. बाकावर आक्का, मध्ये तंबोरा आणि पलीकडे मी. कराडला चढलेल्या एका पटकेवाल्या म्हाताऱ्याने गवसणीतल्या भोपळ्याकडे बराच वेळ पाहिले.

"आवं आज्जी, ह्यो एवढा भोपळा कुठल्या बाजारला निघालाय?"

"सांगलीच्या. भाव बरा आला तर देऊन टाकीन."

"आन् त्येला ही लांबलचक काठी कसली?"

"देठ आहे तो. देठासकट जास्त टिकतो."

सगळा डबा हसला. म्हातारा सगळ्यांत शेवटी हसला आणि म्हणाला, "लय वाजलाय दिसतोय देठ." आक्का खूश झाली. तिला मी इतके बोलताना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

सांगलीत पाऊस भुरभुरत होता. रिक्षाने नाट्यगृहाशी पोचलो. बाजूच्या दाराने रंगपटाच्या खोलीत गेलो. दार उघडेच होते. आक्काने बसल्या बसल्या गवसणीच्या नाड्या सोडल्या, तंबोरा मांडीवर आडवा घेतला आणि पहिली तार पिळायला सुरुवात केली. तेवढ्यात भिंतीपलीकडे काहीतरी धाडकन सुरू झाले. प्रथम मला वाटले, काही कोसळले. ते संगीत होते. खोलीतला आरसा थरथरत होता. आक्काने कान भोपळ्याला चिकटवला, मग गाल चिकटवला. तारेचा सूर तिला ऐकू येत नव्हता, म्हणून ती तो गालाने शोधत होती.

मी व्यवस्थापकांना शोधत पुढे गेलो. दर्शनी दाराला फुग्यांची कमान होती. कुठल्याशा शिकवणीवर्गाचा गुणगौरव सोहळा चालू होता. कमानीच्या शेजारी काचेत, आमच्या कार्यक्रमाचा फलक जसाच्या तसा होता. आजची तारीख, बाईंचे नाव, शेवटच्या ओळीत आक्काचे.

व्यवस्थापक तरुण गृहस्थ आहेत. उद्धट नाहीत. मला त्याचाच अधिक राग आला.

"काका, तुमचं पुढं गेलंय की," ते म्हणाले. "ग्रुपवर टाकलं होतं."

"कोणत्या ग्रुपवर?"

"कलाकारांच्या."

"त्यात आम्ही आहोत?"

त्यांनी फोन काढला, बोटाने वर-खाली केले. "आता बघाय लागंल."

"आणि हा फलक?"

"त्यो पोरगा रजेवर हाय. उद्या बदलतो."

मी त्यांना म्हणालो की मला लेखी द्या. ते म्हणाले, देतो की, आत्ता जरा गडबड हाय, आणि ती खोली तेवढी मोकळी करा, पाहुणे यायलेत.

बाई तेवढ्यात आल्या होत्या. त्या रंगपटाच्या दारात काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. त्यांना काही सांगावे लागले नाही. भिंत सांगत होती. आक्का म्हणाली, "तुझ्या घरी जाऊ. तिथं गा. एकच चीज. मग झाकू."

मी गवसणी उचलली आणि म्हणालो, "वाटेपुरती घालू या. पाऊस आहे."

"न गाता?"

"आक्का, नियमाचा हेतू बघायचा असतो. हेतू वाद्याला जपण्याचा आहे."

"हेतू तू तुझ्या कोर्टात बघ," ती म्हणाली. "छत्री भोपळ्यावर धर."

मी छत्री भोपळ्यावर धरली. भोपळ्याच्या वर तंबोऱ्याची दांडी मोकळीच राहिली, म्हणून तिने डोक्यावरचा पदर काढून दांडीवर गुंडाळला. अशा रीतीने आम्ही फाटकापर्यंत आलो, पहिली रिक्षा बाईंना देऊन दुसरी मिळेपर्यंत तिथे उभे राहिलो, आणि रिक्षात तंबोरा तिरपा बसला तेव्हा तिने त्याच्या बाजूचा पडदा खाली घेतला आणि स्वतः उघड्या बाजूला बसली. वाटेत पावसाने जोर धरला.

रिक्षावाला आरशातून पाहत होता. "आज्जी, झाका की त्येला. पिशवी हाय न्हवं."

"झाकता येत नाही रे बाबा."

"का वं?"

"अजून बोललेला नाही तो."

रिक्षावाला गाडी हळू चालवू लागला. पावसात हळू चालवणे ही त्याने केलेली कृपा होती, आणि तिचा परिणाम एवढाच झाला की आक्का अधिक वेळ भिजली.

बाईंच्या घरी तंबोरा लागला नाही. दमट हवेने खुंट्या फुगल्या होत्या आणि तारेला गुंजवणारी जवारी बसली होती. तार छेडली की कोरडा, लाकडाचा आवाज येई. आक्का ओल्या लुगड्यात बसून दुपारपर्यंत लावत राहिली. बाईंनी कोरडे लुगडे आणून तिच्या मांडीवर ठेवले, ते तिने तंबोरा पुसायला वापरले. शेवटी बाई म्हणाल्या, "आज नाही लागायचा तो. राहू दे."

"मग तू तशीच गा."

"बेसूर तंबोऱ्यावर? गुरुजी वर बसलेत."

दोघी हसल्या. पण आक्का खरोखर अडकली होती. सुरात आल्याशिवाय गायचे नाही आणि गायल्याशिवाय झाकायचे नाही. दोन कलमे एकमेकांविरुद्ध उभी राहिली की न्यायाधीश त्यांच्यामधून वाट काढतो. आक्का न्यायाधीश नव्हती. ती शिष्या होती.

परतीच्या गाडीत तंबोरा उघडाच होता. या वेळी कोणी भोपळ्याची थट्टा केली नाही. खिडकीशी बसलेल्या माणसाने आपण होऊन काच खाली ओढली आणि सरकून जागा दिली. आक्का डोळे मिटून बसली होती. मला वाटले, थकली आहे. रहिमतपूरला उतरताना हात धरला तेव्हा तो तापलेला होता.

मी तिला साताऱ्याला आणले, दवाखान्यात ठेवले. तंबोरा तिच्या घरी कोपऱ्यात उभा होता. शुद्धीवर असे तेव्हा विचारी, "झाकलास?"

"नाही."

"बरं केलंस."

बाई सांगलीहून भेटायला आल्या. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि विचारले, "इथं गाऊ का? हळू गाते. कोणी काही म्हणणार नाही."

आक्काने मान हलवली. तिला धाप लागत होती, म्हणून शब्द मध्ये मध्ये थांबून आले. "इथं नको. तारीख पडू दे. माझं नाव छापलंय तिथं."

श्रावण लागला आणि ती गेली.

कायदा काय म्हणेल, ते मला कोणी समजावू नये. दाखल्यावर फुप्फुसाचा दाह लिहिले आहे. वय लिहिले आहे. पाऊस निसर्गाने पाडला, गवसणी तिने स्वतः नाकारली, छत्री मी धरली. कारण आणि परिणाम यांच्यातली साखळी जागोजाग तुटते आणि कोणतेही न्यायालय त्या व्यवस्थापकांना, समितीला किंवा विश्वस्तांना तिच्या मृत्यूबद्दल जबाबदार धरणार नाही. मीही धरत नाही. मी एवढेच म्हणतो की त्या सकाळी ती त्या पावसात का होती, या प्रश्नाला एक उत्तर आहे, ते फुग्यांच्या कमानीखाली उभे आहे, आणि ते अजून कोणी उच्चारलेले नाही. माझ्या घरी उत्तरे पुष्कळ आली आहेत. प्रत्येकात क्षमस्व आहे. एकातही माणूस नाही. तारीख ढकलली गेली, संदेश पाठवला गेला, फलक बदलायचा राहून गेला. मराठीत कर्ता लपवायची ही सोय कोणी करून ठेवली, ते मला माहीत नाही, पण कार्यालयांनी तिच्यावर घर बांधले आहे.

गेल्या आठवड्यात मी तेराव्यानंतर पहिल्यांदाच सांगलीला गेलो. काचेच्या चौकटीत नवा फलक होता. आगामी कार्यक्रम. दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळी. बाईंचे नाव, तबला, पेटी आणि शेवटच्या ओळीत, तंबोऱ्यापुढे, माझ्या बहिणीचे पूर्ण नाव. त्यांनी जुना मजकूर उचलला आणि फक्त तारीख बदलली. कोणी वाचून पाहिले नाही.

मी खिशातले पेन काढले. दुरुस्तीचे पत्र तिथल्या तिथे लिहिणार होतो; सवय आहे. मग पेन परत ठेवले. आयुष्यभर लोकांच्या चुका दाखवत आलो. ही एक चूक मी त्यांना दुरुस्त करू देणार नाही. ती ओळ त्या सकाळपर्यंत तशीच राहिली पाहिजे.

बाई गाणार आहेत. त्यांनी सांगितले आहे की त्यांच्या मागे आक्काचा तंबोरा असेल आणि त्यांची एक शिष्या तो छेडेल. मिरजेच्या कारागिराने जवारी पुन्हा काढून दिली आहे. वाद्य आता लागते. आषाढापासून ते उघडे आहे. आता ते माझ्याकडे साताऱ्याला आहे, आणि रोज मी त्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसतो. गवसणी धुऊन, घडी घालून ठेवली आहे. ती मी घेऊन येणार आहे.

नाट्यगृहाच्या विश्वस्तांना माझे जाहीर मागणे असे. आषाढातल्या त्या रविवारची आमची तारीख कोणी, कोणाच्या सांगण्यावरून दुसऱ्याला दिली, आणि आम्हाला ते कळवणे कोणाचे काम होते, याचे उत्तर मला टपालाने पाठवू नये. संबंधित विभागाकडेही पाठवू नये. त्या सकाळी पडदा उघडल्यावर, बाई गायला बसण्याआधी, आपल्यापैकी एकाने त्या उघड्या तंबोऱ्याशेजारी उभे राहावे, ध्वनिक्षेपकावर आधी स्वतःचे नाव सांगावे आणि मग उत्तर द्यावे. मी पहिल्या रांगेत बसलेला असेन.